मास्तरांचा कातळकांदा

मास्तर कांदा खात नसत. बाजारात मिळतो तो कांदाच नव्हे, असं त्यांचं ठाम मत होतं. "ती भाजी हाय," ते म्हणत, "कांदा डोंगरावर हाय." आमच्या भिवंडीच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये भजीची प्लेट आली की उत्तरेकडचे कामगार त्यांना मुद्दाम विचारत, "मास्टरजी, ये कांदा है कि सब्जी?" मास्तर गंभीरपणे "सब्जी" म्हणत, भज्यातला कांदा ओढून काढत आणि नुसतं बेसनाचं टरफल खात. काढलेला कांदा माझ्या प्लेटमध्ये येई आणि मी तो खात असे. मास्तरांचे आणि माझे संबंध साधारण असेच होते. तत्त्व त्यांचं, आणि त्यातून सुटेल ते माझं.

मास्तर जाऊन आता काही वर्षं झाली. अंबाडीच्या पुढे, त्या डोंगराच्या आसपास, त्यांच्याबद्दल दोन गोष्टी सांगितल्या जातात. आधी लोक म्हणायचे, तो ढोंगी भगत होता. हल्ली म्हणतात, ते सिद्धपुरुष होते. दोन्ही खोटं आहे. पहिलं माझ्यामुळे झालं आणि दुसरं मी स्वतः केलं. हे लिहायला इतका उशीर का, याचं उत्तर माझ्याकडे आहे, पण त्यात सांगण्यासारखं काही नाही. घाबरट माणसाला वेळ पुरत नाही, एवढंच.

मास्तर म्हणजे साइझिंग मास्तर. ताण्याचं सूत मागावर चढवण्याआधी त्याला खळ पाजावी लागते, नाहीतर लूम सुरू झाला की धागे तुटत राहतात. ती खळ किती शिजवायची, किती पातळ ठेवायची, हे ठरवणारा तो मास्तर. मी त्याच कारखान्यात सुपरवायझर होतो, आणि मास्तर मला त्याच नावाने हाक मारत, जणू ते माझं बारशातलं नाव. ते खळ डाव्या हाताच्या करंगळीने चाखत आणि निकाल देत, "अजून लग्नाची न्हाय झाली." थोड्या वेळाने परत करंगळी. "आता स्थळं बगा." मग मशीन सुरू व्हायचं. हा निकाल दर वेळी बरोबर निघे असं नाही. एकदा त्यांनी लग्नाला उभी केलेली खळ इतकी कडक निघाली की बीमवर गुंडाळलेलं सूत पापडासारखं मोडलं. मास्तरांनी दोष हवेला दिला. हवा ऐकून घेईना तेव्हा पाण्याला दिला, आणि पाण्यावरही भागेना तेव्हा मालकाच्या मेव्हण्याला.

समोरच्याच्या कपड्याचा सुटलेला दोरा दिसला की तो ओढल्याशिवाय त्यांना राहवत नसे. बोलता बोलता बाहीतला दोरा चिमटीत धरत आणि बोलणं संपेपर्यंत ओढत बसत. माझ्या सासऱ्यांनी दिलेल्या शर्टाची एक अख्खी शिवण त्यांनी अशाच गप्पांत उसवली. मी ओरडलो तर म्हणाले, "कच्चा माल." ते शर्टाबद्दलच बोलत होते असं मी अनेक वर्षं धरून चाललो.

बुवा आणि भगत यांचा त्यांना मनापासून राग. एकदा वहिनी, म्हणजे त्यांची बायको, तापाने आडव्या झाल्या तेव्हा त्यांच्या माहेरच्यांनी एक भगत आणला. मास्तरांनी त्याला अंगणातच अडवलं. "तुला ताप आला का तू कोनाकडं जातोस?" असं विचारलं, आणि तो विचार करतोय तोवर त्याची कोंबडी त्याच्या काखेत देऊन वाटेला लावलं. सगळा गाव बघत होता. वहिनी डॉक्टरच्या गोळ्यांनी बऱ्या झाल्या. पुढे कुठलाही विषय निघाला तरी मास्तर तो त्या कोंबडीपर्यंत आणून सोडत.

शुक्रवारी वीज बंद, म्हणून लूम बंद, म्हणून आम्ही मोकळे. त्या दिवशी घरी राहिलो तर बायको मला पंख्याची पाती पुसायला लावी. यापेक्षा डोंगर बरा म्हणून मी मास्तरांबरोबर जायला लागलो. लोकांना वाटे, मला निसर्गाची आवड आहे. मीही तसं वाटू दिलं.

अंबाडीला एसटीतून उतरायचं, चहा घ्यायचा आणि मास्तरांच्या गावामागच्या डोंगरावर चढायचं. वर एक मोठा काळा कातळ पसरलेला होता. त्याच्या खळग्यांत जिथे चिमूट-चिमूट माती साठली होती तिथे मास्तरांचा कांदा. पावसाळ्यातले मोजके आठवडे सोडले तर तिथे बघण्यासारखं काहीही नसे. पावसात मात्र गवतासारखी बारीक पात वर यायची, मग एक सरळ काडी, आणि काडीला खाली मान घातलेली पांढरी फुलं. ती दुपार कलल्यावर उमलत आणि सकाळपर्यंत कोमेजत. त्यांना वास होता, पण आपल्या कांद्याचा नव्हे. ओल्या धुतलेल्या कपड्यासारखा, असं मी म्हणायचो. मास्तर म्हणायचे, तुझं नाक खळीनं बुजलंय.

कातळाच्या कडेलाच ते चपला काढायला लावत. चपलेखाली काडी मोडते, अनवाणी माणूस खाली बघून चालतो, असं त्यांचं म्हणणं. उघडीप असली की तापलेल्या कातळावर मी असा चालत असे की जणू तव्यावर कोणी सोडलाय. मास्तर पुढे उकिडवे बसून एकेका काडीशी बोलत, "काय गं, बरी हायस ना?" आणि मी मागे एका पायावर उभा राहून दुसरा निववत असे.

एकदा त्यांच्या हट्टामुळे कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई आल्या. त्यांनी काडी बघितली, फूल बघितलं, भिंगातून बराच वेळ काय काय बघितलं आणि म्हणाल्या, हा रानकांद्याचाच प्रकार आहे, पण असा फक्त याच चार-दोन डोंगरांवर उगवतो, जगात आणखी कुठे नाही.

"मला म्हाईत होतं," मास्तर म्हणाले.

"कसं काय?"

"माजी आय बोलली होती."

"त्यांनी दुसरे डोंगर बघितले होते का?"

"तिला कशाला जायाला लागतंय? कांदा हितंच हाय म्हनल्यावर दुसरीकडं असंल कसा?"

बाई हसल्या. मास्तर हसले नाहीत. त्या दिवसापासून मात्र ते कारखान्यातही छाती काढून चालू लागले, जणू जगातला एकुलता एक कांदा त्यांनी स्वतः शिजवला होता.

मग गोदामं आली. भिवंडीच्या आसपास कुठेही सपाट जमीन दिसली की तिच्यावर गोदाम उभं राहतं, आणि जमीन सपाट नसली तर ती सपाट करायला डोंगरातला मुरूम लागतो. कातळाच्या मालकाने तो उतार मुरूमवाल्याला दिला. मास्तर त्याच्या दारात जाऊन बसले. भांडले, रडवेले झाले, बाईंचं नाव सांगितलं, आईचं नाव सांगितलं. शेवटी मालक वैतागून म्हणाला, "मास्तर, तुजा कांदा नक्की कुटं हाय त्ये दाखव. तेवडी जागा सोडून खोदायला सांगतो."

आता अडचण अशी की पावसाळा संपत आला होता. काड्या वाळत होत्या आणि पंधरवड्यात तिथे काही उरणार नव्हतं. खुणा करून ठेवायला हव्या होत्या, आणि नेमका मास्तरांचा पाय मुरगळला. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"सुपरवायझर, शुक्रवारी तू एकला जा. परत्येक काडीच्या बुडाला सूत बांद. पांढरं सूत. मालकाला दिसलं म्हंजे झालं, गावच्या पोरांना दिसाया नको, उपटतील. येवडं जमंल?"

पांढरं सूत कोनवरून उलगडून, कापून, त्याचे तुकडे करावे लागले असते. कारखान्याच्या कोपऱ्यात मात्र लाल-पिवळ्या सुताच्या कापलेल्या गुंतवळीचा ढीग आयता पडला होता. मी तो पिशवीत कोंबला. मनाशी म्हटलं, वाळक्या गवतात पांढरं कोणाला दिसणार, रंगीतच बरं. मी माझ्या आळसाला नेहमीच चांगली कारणं पुरवत आलोय.

वर गेल्यावर बघितलं, काड्या इतक्या वाळल्या होत्या की सुताच्या ओझ्यानेही मोडत होत्या. म्हणून मी प्रत्येक काडीभोवती चार दगड रचले आणि सूत दगडांना गुंडाळलं. काम संपवून लांबून बघितलं तर फार छान दिसत होतं. काळा कातळ, दगडांच्या छोट्या राशी, त्यांना लाल-पिवळे दोरे, आणि कडेला माझ्या चपला. कशासारखं दिसतंय हे माझ्या ध्यानात आलं नाही.

लाकडाची मोळी घेऊन एक म्हातारी वरच्या पाड्यावरून उतरत होती. तिच्या ते ताबडतोब ध्यानात आलं. तिने मोळी खाली ठेवली.

"कंचा देव बसवलास रं?"

मला तहान लागली होती आणि तळपाय भाजले होते. कांदा, बाई, भिंग, मुरूम, मालक हे सगळं सांगायचं म्हणजे पुन्हा तासभर उन्हात उभं राहणं आलं. मी म्हणालो, "देवी आहे."

"कंची?"

"डोंगरातलीच."

"मंग बरूबर," म्हातारी म्हणाली. तिने हात जोडले, गवतातलं एक फूल खुडून दगडापाशी ठेवलं आणि मोळी उचलून गेली. मी एसटीत बसून झोपलो.

पुढल्या शुक्रवारी मास्तर लंगडत माझ्याबरोबर वर आले तेव्हा मधल्या मोठ्या राशीला शेंदूर लागलेला होता आणि शेजारी नारळाच्या करवंट्या पडल्या होत्या. खाली उतारावर मुरूमवाल्याचा पोकलेन उभा होता आणि ड्रायव्हर सावलीत बसून विडी ओढत होता.

"काम क्यों बंद है?" मास्तरांनी विचारलं.

"मैं नहीं चलाऊँगा, चाचा. ऊपर माता बैठी है. मेरे घर में छोटे बच्चे हैं. मालिक को बोलो, खुद चलाए."

मुरूमवाल्याने स्वतः चालवला नाही. त्याच्याही घरात लहान मुलं होती.

मास्तर माझ्याकडे वळले. "सूत कंच्या रंगाचं बांदलंस?"

मी सांगितलं. म्हातारीचंही सांगितलं. मला वाटलं, आता हे माझ्या शर्टाच्या सगळ्या शिवणी एकदम उसवणार. ते तसे चिडलेही. "खाली जा न् सगळ्यांना सांग, देवी बिवी न्हाय, माज्या आळसानं जालंय."

"सांगतो," मी म्हणालो, "पण मग पोकलेन चालू होईल."

मास्तर खडकावर बसले. दगडावरच्या लाल दोऱ्याचं टोक त्यांनी चिमटीत धरलं, पण ओढलं नाही. तेवढ्यात दोन बायका वर आल्या. एकीने नारळ फोडला, त्याचं पाणी खळग्यात ओतलं, आणि दुसरीने घरी न्यायला म्हणून प्रसादाची माती उकरली. मातीबरोबर सुपारीएवढा एक कांदा वर आला. तिने तो पदरात बांधला. मास्तर तिला अडवायला उठले आणि मुरगळलेल्या पायामुळे परत खाली बसले.

त्याच्या पुढच्या शुक्रवारी मी गेलो तर मास्तर माझ्या आधीच तिथे होते. राशीशेजारी ताठ बसलेले, कपाळावर वहिनींच्या डबीतलं कुंकू फासलेलं, आणि ते नीट न लागल्यामुळे नाकावर उतरलेलं. भगताला कोंबडीसकट हाकलणारा माणूस बायकांना देवीचे नियम सांगत होता.

"चपला थितंच. देवीला आवाज न्हाय आवडत."

"नारल घरी न्या न् घरीच फोडा. हितं पानी सांडलं का देवीला सर्दी व्हते."

"उदबत्ती न्हाय. देवीला दमा हाय."

"माती उकरायची न्हाय. उकरली तर ज्याच्या घरात नेली त्याचं घर हिच्याबरूबर डोंगरावर राह्याला येतं."

हा शेवटचा नियम ऐकून एक बाई परत गेली आणि पदरात बांधून नेलेला कांदा घेऊन आली. मास्तरांनी तो दोन्ही हातांनी घेतला, जागेवर पुरला आणि माती थोपटली. मी बाजूला उभा होतो. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. बाईला वाटलं, देवी अंगात येतेय. ती पाया पडली.

खाली उतरताना मी म्हणालो, "मास्तर, मी सगळ्यांना सांगतो, हे मी केलं म्हणून. तुम्ही नका यात पडू."

"तू गप ऱ्हा. खोटं येकानंच सांबाळावं. दोगांनी सांबाळलं का सांडतं."

 मला गप्प राहायला सांगणारा माणूस भेटला की मी कधीच हुज्जत घालत नाही.

यानंतर मास्तरांचं जे झालं ते होणारच होतं. कारखान्यात त्यांना "भगत" म्हणू लागले. कारखान्याचा मालक म्हणाला, "मास्तर, खळ शिजवायची की भुतं काढायची, एक काय ते ठरवा." अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडावर आंघोळीला येणारे लोक आता ह्या डोंगरावरही यायला लागले. त्यांनी ठेवलेली नाणी मास्तर हातात धरत नसत, तिथेच पडू देत, आणि ती गावातलं कोणीतरी उचलून नेई. पण नाव मास्तरांचंच झालं, देवीच्या नावावर घर चालवतो. वहिनी तर त्यांच्याशी महिनाभर बोलल्या नाहीत. बोलल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "माज्या बापानं आनलेला भगत हाकललात. त्यो निदान कोंबडी तरी खरी घिऊन आलावता."

मास्तर त्यांनाही खरं सांगू शकले नाहीत, कारण वहिनींना सांगितलं म्हणजे नळावर सांगितलं. आणि मी? कँटीनमध्ये भगताच्या गोष्टी निघत, देवीच्या दम्याची नक्कल होई, तेव्हा मी हसत असे. सगळ्यांत मोठ्याने. नक्कलही माझीच सगळ्यांत चांगली होती. मास्तर खळ चाखायला गेलेले असत तेव्हाच मी ती करी, इतपत सभ्यता माझ्यात होती.

मरेपर्यंत त्यांनी एकही शुक्रवार चुकवला नाही. कांदा दर वर्षी वर आला. मी मात्र हळूहळू जाणं बंद केलं. बायकोने पंखे बदलले होते.

गेल्या वर्षी कळलं, देवीची कमिटी झाली आहे आणि कातळावर स्लॅब टाकून, खाली फरशी बसवून, पक्कं देऊळ होणार आहे. फरशी म्हणजे कांदा संपला. मी ठरवलं, आता सांगायचंच. काठी टेकत कमिटीच्या मीटिंगला गेलो. अध्यक्ष पोरगेलेसे, गोदामांना ट्रक पुरवणारे, बोलायला फार गोड. मी उभा राहून सगळं सांगितलं. लाल-पिवळं सूत, म्हातारी, माझी तहान, सगळं. "देवी नाही," मी म्हणालो. "मी बांधली ती खूण होती, कांद्याची. मास्तर ढोंगी नव्हते. ढोंग माझं होतं, त्यांनी ते नुसतं निस्तरलं."

 मग अध्यक्ष उठले आणि माझ्या पाया पडले.

"काका, म्हणजे देवीनं पयला दोरा तुमच्या हातनं बांधून घेतला. आमाला म्हाईतच नव्हतं."

"अहो, मी सांगतोय काय? आळसानं बांधला."

"ज्याच्याकडनं करून घ्याचं त्याला ती कळू देत न्हाय," कोपऱ्यातले एक गृहस्थ म्हणाले आणि तेही पाया पडले. बघता बघता रांग लागली. कोणीतरी शाल आणायला पळालं.

आयुष्यात पहिल्यांदा मी खरं बोललो होतो आणि ते असं वाया गेलं होतं. रांग पुढे सरकत होती, फरशीवाला दारात टेप घेऊन उभा होता. मी डोळे मिटले. मास्तरांना कुंकू फासताना काय वाटलं असेल ते मला त्या क्षणी कळलं, आणि मी म्हणालो, "तिला छप्पर नको आहे. फरशी नको. कातळ उघडा ठेवा."

"आणि?" अध्यक्षांनी हात जोडून विचारलं.

मला थांबता आलं असतं. पण मास्तरांची बदनामी पुसायची अशी संधी पुन्हा आली नसती. मी म्हणालो, "मास्तरांचं नाव लावा. ती म्हणते, तिचा खरा माणूस तोच होता."

स्लॅब रद्द झाला. कातळ उघडा राहिला. या पावसात कांदा वर आला, मी स्वतः बघितला. आणि वाटेच्या सुरुवातीला भला मोठा फलक लागला. त्यावर मास्तरांचा कारखान्याच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून छापलाय. मागे सोनेरी वलय काढलंय, आणि खाली "परमपूज्य मास्तरबाबा".

मी वहिनींना रिक्षाने घेऊन गेलो. मीटिंगमधली हकिगत त्यांच्या कानावर आलेली होती, त्यामुळे सूत कोणी बांधलं हे त्यांना आता माहीत होतं.  फलकासमोर उभ्या राहून त्यांनी बराच वेळ त्या वलयाकडे बघितलं. शेजारून जाणारी दोन माणसं मास्तरांना नमस्कार करून पुढे गेली.

"भावजी," त्या म्हणाल्या, "पयलं तुमच्यापाई त्ये ढोंगी झाले. आता तुमीच त्यांचा बाबा केलात. माजा मानूस कवा परत देनार?"

मी त्यांना त्यांच्या दारात सोडलं. घरी आलो आणि हे लिहायला बसलो.